सातव्या दिवसाचा आकडा

उंदराच्या मागच्या पायांकडे बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, असं मी सांगितलं की घरातली पोरं हसतात. पण फार्माकॉलॉजीत, त्यातही फिटच्या औषधांवर काम करणाऱ्या माणसाचं बरंचसं आयुष्य त्या दोन पायांभोवतीच फिरतं. छोट्या पांढऱ्या उंदराच्या कानांना दोन चिमटे लावायचे. इलेक्ट्रोकन्व्हल्सोमीटर नावाचं एक खोकं असतं, त्याचं बटण दाबून ५० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह ०.२ सेकंद सोडायचा. उंदीर आधी अंग आखडून घेतो. मग त्याचे मागचे पाय शेपटीच्या दिशेनं ताणले जाऊन ताठ होतात. दहा-पंधरा सेकंद तसेच राहतात. आपल्या हातात स्टॉपवॉच. नंतर झटके येतात, मग तो निपचित पडतो, आणि थोड्या वेळानं उठून मिश्या साफ करायला लागतो, किंवा उठतच नाही. औषध दिलेल्या उंदराचे पाय ताठ झालेच नाहीत, तर वहीत लिहायचं, ‘संरक्षण मिळालं’. जगातल्या फिटच्या कितीतरी गोळ्यांची सुरुवात अशा एका नोंदीतून झाली आहे.

मी फार्मसी कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा आमचं शहर औरंगाबाद होतं, निवृत्त झाले तेव्हा छत्रपती संभाजीनगर. मधल्या काळात हाताखालून गेलेली मुलं-मुली चिकलठाणा, वाळूज, शेंद्र्याच्या कंपन्यांत लागली. कुणी मेडिकल टाकलं, कुणी एमआर झालं. संशोधनात टिकले ते थोडे. शास्त्रज्ञ म्हणजे औषध शोधून काढणारा, असं लोकांना वाटतं. आमच्यासारख्या कॉलेजातल्या लोकांच्या वाट्याला जास्त करून येतं ते तपासून बाजूला ठेवण्याचं काम. ते कमी प्रतीचं आहे असं मला कधी वाटलं नाही.

आधी आजाराविषयी थोडं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना विजेच्या बारीक संदेशांनी निरोप देतात, प्रत्येकीची वेळ वेगळी. कधीतरी एखाद्या भागातल्या हजारो पेशी एकदम, एकाच तालात पेटतात. तो गोंधळ त्याच जागी राहिला तर नुसता हात उडतो, किंवा माणूस अर्धा मिनिट शून्यात बघत ओठ चाळवत राहतो, आणि घरच्यांना वाटतं, लक्ष नाही याचं. गोंधळ सगळ्या मेंदूत पसरला तर माणूस पडतो, दातखीळ बसते, तोंडाला फेस येतो. एकदा फिट आली म्हणजे अपस्मार झाला असं नाही. तापात येते, साखर फार उतरली तर येते, रोजची दारू अचानक सोडली तरी येते. असं काही कारण नसताना २४ तासांहून जास्त अंतरानं दोनदा आली, की डॉक्टर अपस्माराचं निदान करतात. जगात असे सुमारे ५ कोटी लोक आहेत, भारतात एक कोटीच्या घरात. आपल्याकडे मेंदूत फीतकृमीच्या अळीची गाठ होऊन येणारी फिटही बरीच दिसते. या कृमीची अंडी नीट न धुतलेल्या भाजीतून, घाण पाण्यातून, न धुतलेल्या हातातून पोटात जातात. त्यामुळं आयुष्यभर माळ घातलेल्या माणसालाही हा आजार होतो आणि घरच्यांचा त्यावर विश्वास बसत नाही.

फिट आलेल्याला चप्पल हुंगवतात, कांदा फोडून नाकाशी धरतात, मुठीत किल्ल्या कोंबतात. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. तोवर किल्ल्या मुठीत गेलेल्या असतात, म्हणून श्रेय किल्ल्यांना. माझे विद्यार्थी कंट्रोल ग्रुप कशाला हवा असं विचारायचे तेव्हा मी हेच उदाहरण द्यायचे. किल्ल्या न दिलेल्या माणसाचीही फिट तेवढ्याच वेळात थांबते, हे कुणी मोजलेलं नसतं. (करायचं एवढंच: माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना.)

औषधांचा इतिहास बघितला तर १८५७ मध्ये लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइड वापरल्याचं सांगितलं, १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांना फेनोबार्बिटलचा गुण दिसला. आपल्याकडे जुन्या माणसांना ते ‘गार्डिनल’ या नावानं आठवत असेल. दोन्ही औषधं गुंगी आणणारी. त्यामुळं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, की फिट थांबवायची तर मेंदूला झोपवायलाच हवं. हा समज मोडला बॉस्टनमध्ये. १९३० च्या दशकात तिथं ट्रेसी पुटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी मांजरांना मोजून विजेचा झटका देण्याचं यंत्र जुळवलं. त्यातला एक भाग पहिल्या महायुद्धातल्या एका जर्मन विमानातून काढलेला होता, असं सांगतात. मग त्यांनी औषध कंपन्यांकडून गुंगी न आणणारी, म्हणून टाकून दिलेली रसायनं मागवली. पार्क-डेव्हिस कंपनीकडून आलेल्या बाटल्यांत फेनिटॉइन होतं. १९०८ साली जर्मनीत बिल्ट्झ नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ते बनवून ठेवलेलं होतं, पुढं कंपनीतही पुन्हा बनलं, पण झोप आणत नाही म्हणून कपाटात पडलेलं. मांजर टक्क जागं राहिलं आणि झटका मात्र आला नाही. १९३८ मध्ये ते रुग्णांपर्यंत पोचलं. आज आपल्या कुठल्याही मेडिकलवर मिळणारी ‘एप्टॉइन’ म्हणजे तेच.

तेव्हापासून मागच्या पायांची परीक्षा म्हणजे आमच्या क्षेत्राचा उंबरठाच झाली. चंदीगडच्या प्रा. एस. के. कुलकर्णी यांच्या प्रयोग-पुस्तिकेतून महाराष्ट्रातल्या फार्मसीच्या मुलांच्या कित्येक पिढ्या ती शिकल्या. सोपी, स्वस्त, एका दुपारी उरकणारी. आणि माझी तक्रार नेमकी इथून सुरू होते. औषध पोटात गेल्यावर तास-अर्ध्या तासानं दिलेला एक झटका थांबतो का, एवढंच ही परीक्षा सांगते. रुग्णाचा प्रश्न वेगळा असतो. त्याला उद्या, परवा, पुढच्या दिवाळीला आणि त्याच्या पुढच्या दिवाळीलाही फिट यायला नको असते.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मला सापडलं ते बाहेरच्या देशातलं नाही, आपल्याच पळसाचं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कन्नडच्या पुढं गौताळ्याकडं गेलात, तर पानं झडलेल्या झाडांवर केशरी फुलांचा नुसता कहर असतो. नाशिकच्या फार्मसी महाविद्यालयातले कस्तुरे आणि नागपूर विद्यापीठातले प्रा. सी. टी. चोपडे यांनी सहकाऱ्यांसोबत शिरीषाची पानं, जास्वंदीची फुलं आणि पळसाची फुलं अपस्मारासाठी तपासली. २००० साली त्यांचा पहिला शोधनिबंध आला. तिन्ही झाडांच्या अर्कांनी उंदरांना विजेच्या झटक्यापासून वाचवलं, रासायनिक झटक्यापासूनही वाचवलं. मेंदूतलं गाबा नावाचं द्रव्य त्यांच्यामुळं वाढलेलं दिसलं. गाबा म्हणजे पेशींना ‘जरा थांब’ सांगणारा निरोप.

इथवरचे निबंध शेकड्यानं सापडतात. या मंडळींचं वेगळेपण असं, की ते पुढं पळसाच्याच मागं लागले. वाळवलेल्या फुलांतून नेमका कुठला पदार्थ काम करतो हे शोधायचं, तर पद्धत अशी असते. फुलांचा भुगा सॉक्स्लेट नावाच्या काचेच्या उपकरणात भरतात, खालच्या चंबूत पेट्रोलियम ईथर मंद तापवतात. वाफ वर चढते, थंड पाण्याच्या नळीला लागून थेंब होते, भुग्यावर ठिबकते. नळकांडं काठोकाठ भरलं की सगळा द्राव आपसूक खाली ओढला जातो आणि पुन्हा वाफ. तासन्‌तास हेच. होळीला आपण फुलं पाण्यात भिजवून जो केशरी रंग काढतो, तो या ईथरात उतरत नाही. उतरतो तो मेणचट, बोटाला चिकटणारा अंश. मग तो अंश सिलिकाच्या उभ्या नळीतून वेगवेगळी द्रावणं ओतत ओतत वेगळा करायचा, आणि प्रत्येक वाटणीचा थोडा भाग पुन्हा उंदराला देऊन मागचे पाय बघायचे. हेक्झेन आणि एथिल ॲसिटेट निम्मे-निम्मे घेतल्यावर जी वाटणी उतरली, तिच्यात एक ट्रायटर्पीन जातीचं द्रव्य सापडलं. २००२ सालच्या निबंधात त्याची हकिकत आहे.

या निबंधातले दोन आकडे मी दर वर्षी फळ्यावर लिहायचे. निम्म्या प्राण्यांना झटक्यापासून वाचवायला या द्रव्याची मात्रा किती लागते? दर किलो वजनाला ३४.२ मिलिग्रॅम. तेच द्रव्य सलग सात दिवस दिल्यावर किती लागते? ५१.५ मिलिग्रॅम.

वर्गात मग शांतता. एखादी मुलगी हळूच म्हणायची, “मॅडम, म्हणजे शरीराला सवय झाली?” झाली असावी. पहिल्या दिवशी जेवढ्यात भागत होतं, तेवढ्यात सातव्या दिवशी भागत नाही. मी लगेच दुसरी गोष्टही दाखवायचे. ३४.२ च्या पुढं ‘कमी-जास्त १८.१’ लिहिलं आहे आणि ५१.५ च्या पुढं ‘कमी-जास्त १२.१’. म्हणजे दोन्ही आकड्यांची कुंपणं एकमेकांत शिरतात. तेव्हा सवय होतेच असं छातीठोक म्हणता येत नाही, शंका घ्यायला भक्कम जागा आहे एवढं म्हणता येतं. त्याच निबंधात असंही आहे, की स्ट्रिकनीन आणि पिक्रोटॉक्सिन या दोन विषांनी आणलेल्या झटक्यांपुढं हे द्रव्य चाललं नाही. पिक्रोटॉक्सिन गाबाचा परिणाम जिथं व्हायचा ती जागाच अडवून धरतं, त्यामुळं तिथं त्याची मात्रा चालली नाही याचं मला फारसं नवल वाटलं नाही. शेवटी लेखकांनी साध्या शब्दांत लिहिलं, की उपयोग ठरवायला आणखी अभ्यास हवा. मला या निबंधाचा आदर वाटतो तो या सातव्या दिवसामुळं. त्यांनी तो मोजला नसता तरी निबंध छापून आला असता. आणि मोजल्यावर आपल्या द्रव्याविरुद्ध जाणारा आकडा त्यांनी लपवला नाही.

व्हॉट्सॲपवर मात्र पळसाची फुलं ‘फिटवर रामबाण’ म्हणून फिरतात. फुलं उकळून पाजू नका. पाण्यात उकळून जे उतरतं ते आणि निबंधातलं द्रव्य, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे वर सॉक्स्लेटचं एवढं पाल्हाळ लावलं त्यावरून कळलं असेल.

एका परीक्षेवर विसंबण्याचा धोका उलट बाजूनंही असतो. बेल्जियमच्या यूसीबी कंपनीचं एक द्रव्य विजेच्या झटक्याच्या परीक्षेत नापास झालं, पेंटिलीनटेट्राझोल नावाच्या रसायनाच्या परीक्षेतही नापास. आमच्याकडे एखाद्या मुलानं ते आणलं असतं, तर मीसुद्धा ‘विषय बदल’ म्हटलं असतं. पण ते किंडलिंग झालेल्या प्राण्यांवर तपासलं गेलं. किंडलिंगचा शोध कॅनडात ग्रॅहम गॉडर्ड यांना १९६० च्या दशकात लागला. रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या, मेंदूला रोज इतका सौम्य प्रवाह द्यायचा की सुरुवातीला त्याला काहीच होत नाही. दिवस जातात तसा तोच प्रवाह झटका आणायला लागतो. मेंदू झटके द्यायला शिकतो म्हणा ना. माणसाच्या आजाराच्या हे जास्त जवळचं. त्या प्राण्यांत हे नापास द्रव्य उत्तम चाललं. १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, मेंदूत ते नेमकं कुठं चिकटतं हे २००४ मध्ये कळलं. लेव्हेटिरॅसेटॅम ते हेच, आज आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत सर्रास दिसतं.

‘आपल्या शहरातून असं औषध का निघत नाही?’ हा प्रश्न मला पालकसभेपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडं विचारला गेला. निघतं की. चिकलठाण्याच्या वोक्हार्टच्या संशोधन केंद्रातून लिव्होनॅडिफ्लॉक्सासिन हे नवं प्रतिजैविक निघालं, २०२० साली त्याला देशात मान्यता मिळाली. पण प्रतिजैविकाचा कोर्स थोड्या दिवसांत संपतो आणि जंतू मेला की नाही हे लगेच कळतं. फिटच्या औषधाचा निकाल लागायला महिने, वर्षं जातात, आणि गोळी काही वर्षं, कधी जन्मभर घ्यायची असते. पैसे लावणारा याच हिशोबानं विचार करतो, त्याला दोष कसा द्यायचा?

तेव्हा आमच्यासारख्या ठिकाणी उरतं ते असलेल्या औषधांचं काम. हे कमी लेखण्यासारखं नाही. फेनिटॉइनचंच घ्या. यकृत ते मोडतं, पण मोडण्याची क्षमता मर्यादित. टोलनाक्यावर गाड्या ठरावीक वेगानंच सुटतात. गाड्या कमी असतील तोवर रांग दिसत नाही, थोड्या वाढल्या की रांग मैलभर. एखाद्याला दिवसाला ३०० मिलिग्रॅमवर फिट येतच राहते, म्हणून मात्रा ४०० केली, की रक्तातलं प्रमाण एक-तृतीयांशानंच न वाढता दुप्पट-तिप्पटही होऊ शकतं. दर मिलिलिटर रक्तरसात १० ते २० मायक्रोग्रॅम, एवढीच उपयोगाची पट्टी. वर गेलं की डोळ्यांची बुबुळं थरथरतात, आणखी वर गेलं की तोल जातो, जीभ जड होते. गावाकडं लोक म्हणतात, पिऊन आला. माणसानं आयुष्यात थेंब घेतलेला नसतो. आणि उपाय म्हणून घरातले काय करतात? गोळीच बंद. मग फिटवर फिट.

रक्तातलं औषध मोजून मात्रा ठरवण्याचं काम मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेटानं केलं. क्षीरसागर पुढं केईएमच्या अधिष्ठाता झाल्या. (झाडांवरच्या सुंदर मराठी लेखनामुळं आपल्याला माहीत असलेल्या शरदिनी डहाणूकरही याच संस्थेतल्या फार्माकॉलॉजिस्ट होत्या.) तिथं एक भारी प्रकरण घडलं. फेनिटॉइनवर ठीक चाललेल्या दोन रुग्णांना पुन्हा फिट यायला लागल्या. रक्त तपासलं तर औषधाचं प्रमाण घसरलेलं. गोळ्या बुडवल्या होत्या का? नाही. दोघांनी शंखपुष्पीचं सिरप सुरू केलं होतं. बुद्धीला चांगलं, म्हणून परीक्षेच्या दिवसांत घरोघरी आणतात तेच. केईएमच्या लोकांनी विषय तिथं सोडून दिला नाही. फेनिटॉइन आणि शंखपुष्पी एकत्र देऊन रॅटवर प्रयोग केले. एकदाच एकत्र दिलं, तर रक्तातलं फेनिटॉइन बदललं नाही, गुण मात्र कमी झाला. रोज एकत्र देत राहिलं, तर गुणही कमी झाला आणि रक्तातलं प्रमाणही उतरलं. १९९२ साली हा निबंध ‘जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी’त आला. पुन्हा तेच बघा. एका मात्रेत अर्धीच गोष्ट दिसली, उरलेली दिसायला रोजची मात्रा लागली.

मला विचाराल तर या दोन रुग्णांची गोष्ट हेच आपल्याकडच्या संशोधनाचं अस्सल रूप आहे. प्रश्न ओपीडीतून आला, उत्तर प्राणिगृहात शोधलं, आणि ते पुन्हा ओपीडीत गेलं. बॉस्टनच्या माणसाला शंखपुष्पीचा प्रश्न पडणारच नव्हता.

आमच्या इथल्या घाटीत, म्हणजे १९५६ पासूनच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाण्याहून माणसं येतात. माझे विद्यार्थी आसपासच्या मेडिकलवर कामाला असायचे, त्यांच्या काउंटरच्या आत स्टुलावर बसून मी बरंच शिकले. बाई येते, पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढते, चिठ्ठी घडीवर फाटलेली. “महिन्याच्या नको, दहा दिवसाच्याच द्या.” पोरगा गोळ्या कात्रीनं कापून देतो, पट्टीचा तारखेचा भाग दुकानात राहतो. पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात दुसऱ्या कंपनीची गोळी मिळते, रंग वेगळा, म्हणून ती ‘बदललेली’ वाटते आणि निम्मीच घेतली जाते. आणि सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य: “ताई, तीन महिने झाले लेकराला काहीच नाही, आता कशाला चालू ठेवायची?” काहीच नाही ते गोळीमुळंच नाही, हे पटवणं कुठल्याही प्रयोगापेक्षा अवघड. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला क्वान आणि ब्रॉडी यांनी नव्या रुग्णांचा मागोवा घेतला होता, २००० साली तो छापला. पहिल्याच औषधावर ४७ टक्के लोकांची फिट थांबली, दुसऱ्यावर आणखी १३ टक्क्यांची. म्हणजे दहातल्या सहांना साधी, जुनी, स्वस्त औषधं पुरतात, ती रोज पोटात गेली तर.

मुलींच्या बाबतीत हे ‘रोज’ लग्नाशी येऊन अडतं. बघायला येणाऱ्यांपासून आजार लपवतात, आणि लपवायचा म्हणजे सासरी गोळ्याही लपवायच्या. नव्या घरात, जागरणात, उपवासात गोळी चुकते. फिट यायला याहून चांगली तजवीज कुणी ठरवून केली असती तरी जमली नसती. यात कायद्याचाही हात होता. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी अपस्माराची फिट ही लग्नाच्या आड येणारी गोष्ट म्हणून वेडासोबत लिहिलेली होती. १९९९ च्या दुरुस्तीनं तो शब्द काढला. माझ्या वर्गातल्या मुलींना हे सांगितलं की त्या चकित व्हायच्या. काढला म्हणून नव्हे, आपल्या जन्माच्या आसपासपर्यंत तो होता म्हणून. आणि लपवाछपवीचा आणखी एक तोटा असा, की मूल होण्याआधी औषध बदलण्याची संधी जाते. व्हॅल्प्रोएट हे उत्तम औषध आहे. १९६० च्या दशकात फ्रान्समधल्या पिएर एमार यांनी ते दुसरी रसायनं विरघळवायला नुसतं द्रावण म्हणून वापरलं, आणि प्रत्येक रसायन प्राण्यांना वाचवतंय म्हणता म्हणता द्रावणच वाचवतंय हे लक्षात आलं. पण गरोदरपणी घेतलं तर सुमारे दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग येतं, आणि पुढं शिकण्या-बोलण्यात मागं पडणारी मुलं याहून बरीच जास्त. मूल हवं असेल तर डॉक्टरशी आधी बोलायचं असतं. आपल्या मनानं गोळी बंद करायची नसते, कारण गरोदरपणातली मोठी फिट आई-बाळ दोघांच्याही जिवावर बेतते.

निवृत्तीनंतरही एम. फार्म.ची मुलं विषय मागायला घरी येतात. प्रत्येकाकडं एक झाड असतंच. कुणाच्या शेताच्या बांधावरचं, कुणाच्या आजीनं सांगितलेलं. मी नाही म्हणत नाही. एवढंच म्हणते, की एका दिवसाचा प्रयोग करून थांबू नको. सात दिवस दे, चौदा दिवस दे, फेनिटॉइनसोबत देऊन बघ, रक्त काढून प्रमाण मोज. मूल मान डोलावतं आणि मग खरी अडचण सांगतं. एका दिवसाच्या प्रयोगाला जेवढे उंदीर लागतात त्याच्या तिप्पट-चौपट यात लागतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी समिती विचारते, एवढे कशाला? प्रश्न रास्त आहे. प्रत्येक जादा गट म्हणजे आणखी काही जिवांना झटके. निम्म्याहून अधिक प्रबंध कपाटात धूळ खात पडणार हे त्यांनाही माहीत असतं आणि मलाही. मी त्या बाजूलाही बसले आहे आणि मुलांचे गट कापले आहेत.

परवा आलेल्या मुलीला मी शेवटी असं सुचवलं: तीन झाडं घेतलीस त्यातली दोन सोड. एकच घे, आणि वाचलेले उंदीर सातव्या दिवसासाठी ठेव. ती म्हणाली, “मॅडम, पण मग पेपर एकच होईल.” तिच्या गाइडला फोन लावून देते म्हटलं आहे.